बालवाडीतली मोहफुलं

आमच्या गावची बालवाडी सरकारनं बंद केली असं लोक सांगतात. ते खोटं आहे. सरकारनं ती कधी सुरूच केली नव्हती. सुरू आम्ही केली होती. सरकार फक्त येणार होतं, ते आलं आणि पाहून परत गेलं. एवढंच झालं. पण कसं झालं ते नीट सांगणारा आता मीच उरलो आहे, म्हणून लिहायला बसलो.

मी दोन यत्ता शिकलेला माणूस. अक्षर माझं वाकडं आहे, पण माझं आहे. दुसऱ्याच्या हातानं लिहून घेतलं असतं तर त्यानं मधेमधे साहेबांना चांगलं म्हटलं असतं.

आमचं गाव चामोर्शीच्या पुढे, जंगलाच्या कडेला. नाल्याच्या अलीकडे आमची बौद्धांची घरं, पलीकडे गोंडांची वस्ती, तिला टोला म्हणतात. दोन्हींच्या मधे बोडी, म्हणजे धानाला पाणी द्यायचं लहान तळं. पावसाळ्यात ती काठोकाठ भरते आणि त्याच दिवसांत रोवणी असते. रोवणीला गावात बाई उरत नाही. धानाच्या रोपांचं पऱ्हं उपटायचं, चिखलात वाकून लावायचं, दिवस मावळला की घरी यायचं. मग लेकरं कोण पाहणार?

रांगतं लेकरू असलं तर जुन्या लुगड्याची पट्टी फाडून त्याच्या कमरेला बांधायची, दुसरं टोक घराच्या खांबाला. शेजारची एखादी म्हातारी अधूनमधून पाहून जायची. ही आमची रीत होती, टोल्यावरही हीच होती. लेकरू चालायला लागलं की मात्र सोडायचं. चालत्या लेकराला बांधलं तर बाया हसत, म्हणत, बकरी आहे का ते. आणि शाळेचा मास्तर सहा वर्षं पुरी झाल्याशिवाय घेत नसे. मधली तीन-चार वर्षं लेकरू बांधायला मोठं आणि शाळेला लहान. त्या वर्षांत ते मोकळं असे, आणि बोडीही मोकळीच असे.

माझा नातू त्या वयाचा होता, रोवणीच्या दिवसांत बोडीत गेला. माझी सून चिखलात वाकलेली होती. तिला हाक मारायला गेलेल्या बाईनं काय सांगितलं कोण जाणे, ती हातातलं पऱ्हं तसंच धरून धावत आली. ते तिच्या मुठीतून आम्हाला सोडवावं लागलं.

त्यानंतर ती बोलेनाशी झाली. मुकी नव्हे. "जेवता का मामाजी", "पाणी ठेवलं" एवढं बोलायची. मुलगा माझा बांबू तोडायच्या कामावर महिना महिना जंगलात. घरात आम्ही दोघंच, आणि घर ऐकू येईल इतकं शांत.

मग एक दिवस ग्रामसेवक आला. चावडीवर बसून म्हणाला की आदिवासी भागासाठी सरकारची नवीन योजना आहे, लहान लेकरांची. बाईला मानधन, लेकरांना खाऊ, औषध, सगळं मिळते. पण गावानं आधी स्वतः चालवून दाखवली तर नंबर लवकर लागते.

"कोण चालवीन?" कोणीतरी विचारलं.

बायांच्या घोळक्यातून माझी सून बोलली, "मी पाहीन लेकरं."

ती सातवी शिकलेली होती. तिचं माहेर नागभीडकडचं, तिकडे मुलींना शिकवत. पण मला तिच्या शिकण्याचं काही नव्हतं. बऱ्याच दिवसांनी ती स्वतःहून बोलली होती. मी लगेच म्हटलं, "झालं. खोली मी बांधतो."

खोली गावानं बांधली, खरं सांगायचं तर. बांबू टोल्यावरच्यांनी आणला. फॉरेस्टगार्ड आडवा आला तेव्हा त्याला एक कोंबडा गेला आणि बांबू पुढे आला. कुडाच्या भिंती, वर कवेलू. अंगण बायांनी इतकं गुळगुळीत सारवलं की गावात दुसरं तसं नव्हतं. समितीचा अध्यक्ष मला केलं, कारण मला सही येते आणि मी कोणाचं ऐकत नाही, असं लोक म्हणाले. मला त्यात वाईट काही वाटलं नाही.

घराघरातून दर बाजाराच्या दिवशी मूठ मूठ तांदूळ गोळा व्हायचा. जर्मनच्या मोठ्या पातेल्यात, आम्ही गंज म्हणतो त्यात, सूनबाई त्याची खिचडी करायची, जंगलातली भाजी टाकून. कोपऱ्यात दोन रांजण पाण्याचे, लेकरांचा हात पुरेल इतके जमिनीत पुरलेले. टोल्यावरची लेकरं मराठी बोलत नसत. ती पाण्याला येर म्हणत. सूनबाईनं गोंडीतला तोच शब्द पहिल्यांदा शिकून घेतला. मी विचारलं, एवढा एकच काऊन घोकते. तर म्हणाली, "लेकरू येर म्हणालं आणि मले समजलं नाई, तर ते पाणी शोधाले कुठी जाईन, मामाजी?"

मग मीही तो शब्द घोकला.

ती लेकरांना चिंचोक्यांवर मोजायला शिकवायची. गाणी म्हणायची. मी बाहेर दोऱ्या वळत बसायचो आणि कुडातून आवाज ऐकायचो. पहिल्या वर्षी ती गायची तेव्हा मधेच थांबायची. दुसऱ्या वर्षी थांबेनाशी झाली. बोडीकडे कोणी लेकरू दिसेना. बाया रोवणी करताना मागे वळून पाहीनाशा झाल्या. माझ्या लेखी बालवाडी म्हणजे हे होतं.

तिसऱ्या वर्षी धान नीट पिकलं नाही. मूठ लहान होत गेली, काही घरांतून बंद झाली. कोणाला बोलणार, त्यांच्याच घरी चूल एक वेळ पेटायची. सूनबाई आमच्या कणगीतून तांदूळ नेत होती हे मला दिसत होतं, मी पाहिलं न पाहिलं करायचो. तेवढ्यात ग्रामसेवक सायकलवर घामाघूम होऊन आला.

"अध्यक्ष, तुमची बालवाडी बसली यादीत. अनुदान आलं आहे. फक्त साहेबांची पाहणी राह्यली. मार्चच्या आत झाली पाहिजे, नाईतर पैसा वापस जाते."

टोल्यावरचा भूमिया, गावदेवाची पूजा करणारा म्हातारा, माझ्याच वयाचा, तिथे बसला होता. तो म्हणाला, "वापस कुठी जाते? पैशाले काय सासर-माहेर आहे?"

"मार्च संपला की वरती जाते, बुवा."

"वरती गेलेलं खालती येते का मंग?"

ग्रामसेवक हसला. आम्हीही हसलो. तेव्हा हसू येत होतं.

साहेब येईपर्यंत खिचडी चालली पाहिजे, नाहीतर दाखवायचं काय, असा प्रश्न होता. तो भूमियानंच सोडवला. मोहफुलं पडायचे दिवस सुरू झाले होते. आमच्याकडे पैसा कोणाजवळ नसतो, पण मोह सगळ्यांजवळ असतो. देवाचं काम असो, कोणाघरची मयत असो, टोल्यावर प्रत्येक घर टोपलीभर मोह देतं, तो विकून काम होतं. भूमिया म्हणाला, लेकराचं काम देवाच्या कामात धरा. टोल्यानं ऐकलं, आमच्या वस्तीनंही ऐकलं. दर घरामागे एक टोपली. वाळवून चामोर्शीच्या बाजारात घालायचा आणि पावसाळ्यापर्यंतचे तांदूळ-डाळ आणायची.

वाळवायचा कुठे? बालवाडीच्या अंगणात. एवढं साफ अंगण दुसरं होतं कुठे. मोहाला माती लागली की व्यापारी भाव पाडतो.

ज्यांनी मोह पाहिला नाही त्यांना सांगतो. मोहाचं फूल पहाटे पडायला लागतं आणि ऊन चढेपर्यंत पडत राहतं. झाडं घरोघरची वाटलेली असतात. पहाटे गेलं नाही तर गाई खातात, हरणं खातात. म्हणून त्या दिवसांत सगळं गाव झाडाखाली असतं, अंगावरच्या लेकरापासून म्हाताऱ्यापर्यंत. गावात लेकरू नाही तर बालवाडी कशी भरणार? सूनबाईनं बालवाडीच जंगलात नेली. सगळ्यात मोठ्या मोहाखाली लेकरं बसवायची, फुलं मोजायला लावायची, ऊन चढलं की ओळीनं गावात आणायची आणि खिचडी घालायची. मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. आजही वाटतं.

मी पायानं अधू झालो होतो, म्हणून अंगणात राखणीला मी. साहेब आला त्याच्या आदल्या संध्याकाळी आभाळ आलं, चार थेंब पडले. आम्ही सगळा मोह घाईनं खोलीत ओढला. तो ओलसर होता. रात्रभर कोंडला आणि सकाळी खोलीला आंबूस वास सुटला. मी बाहेर पसरायला काढणार तेवढ्यात जीप आली.

साहेब तरणा होता, माणूस वाईट नव्हता. वाकून खोलीत शिरला आणि नाकाला रुमाल लावून उभा राहिला. मी त्याच्या जागी उभा राहून खोली पाहिली तर त्याला काय दिसलं ते मला समजतं. मोहाचा ढीग. त्याच्याजवळ काळा पडलेला मोठा गंज. कोपऱ्यात जमिनीत पुरलेले रांजण. आणि लेकरू एकही नाही.

"मुलं कुठं आहेत?" त्यानं विचारलं.

"जंगलात आहेत, साहेब."

"आणि बालवाडी?"

"तीही जंगलात आहे."

जीपचा ड्रायव्हर दारात उभा होता, तो फिसकन हसला. म्हणाला, "साहेब, इथी तर पयल्या धारेची शाळा आहे."

मी त्याच्याकडे पाहिलं. मी दीक्षा घेतली तेव्हा दारूला शिवणार नाही असं हात जोडून बोललो होतो. बाप पीत होता, चुलता पीत होता, मी त्या दिवसापासून थेंब घेतला नाही. कोणाच्या लग्नात नाही, मुलाच्या लग्नात नाही. आणि हा पोरगा माझ्याच हातानं बांधलेल्या खोलीत उभा राहून हसत होता.

"दारू नाही काढत इथं," मी म्हटलं. "हे बालवाडीचं आहे. गावानं दिलं."

"बालवाडीला मोह दिला?"

"हावो. पैसे नाईत, म्हणून मोह दिला."

त्यानं मान हलवली, समजल्यासारखी नाही, ऐकल्यासारखी. तेवढ्यात सूनबाई लेकरं घेऊन आली. ओळीत, एकमेकांचा सदरा धरून, तिनं शिकवल्यासारखी. पुष्कळांच्या मुठीत मोह होता, तोंडं चिकट झाली होती. साहेबानं एका पोरीला विचारलं, "काय खातेस बाळ?" पोरीनं मूठ उघडून दाखवली. साहेबानं ड्रायव्हरकडे पाहिलं. मला तिथेच समजलं की हे चाललं नाही.

जीपचा आवाज ऐकून भूमिया आणि टोल्यावरचे चार जण मागोमाग आले. साहेब बाहेर अंगणात खाटेवर बसला. सूनबाईनं त्याला पाणी दिलं. तो सूनबाईशी नीट बोलला, किती शिकलात, काय शिकवता. तिनं लेकरांकडून गाणं म्हणून घेतलं. तो ऐकत होता. मग मला म्हणाला, "दादा, मी वाईट लिहिणार नाही. बाई चांगल्या आहेत. पण मी डोळ्यांनी पाहिलं ते सोडून देता येत नाही, उद्या माझ्यावर येईल. तुम्ही अध्यक्ष आहात. एवढंच लिहून द्या की खोलीत दारूसाठी मोह ठेवला होता, चूक झाली, पुन्हा ठेवणार नाही. मग मी शिफारस करतो. महिना संपायला आला आहे."

"दारूसाठी नव्हता."

"ते ठीक आहे, पण लिहायला काहीतरी कारण पाहिजे."

"मग खरं कारण लिवा. गावानं बालवाडीची वर्गणी मोहात दिली."

साहेब थकल्यासारखा हसला. "त्याला रकाना नाही, दादा."

भूमिया पुढे झाला. "दारू काढाची असती तर नाल्यावर काढतो साहेब, थंड पाणी आहे तिथी. लेकराच्या खोलीत काऊन काढू? अक्कल नाई का आमाले?" टोल्यावरचे हसले. मग तो म्हणाला, "पण तुमाले अंगठा पाहिजे तर माझा घ्या. मी काढतोच दारू. देवाले लागते."

मी त्याचा हात धरून मागे ओढला. तो अंगठा कागदावर उमटला असता तर तो कागद कुठून कुठे गेला असता हे त्याला माहीत नव्हतं, मला होतं. उद्या पोलीस टोल्यावर आले असते, हातात तोच कागद घेऊन, आणि बायांचे गंज सुद्धा उचलून नेले असते. साहेबालाही तो अंगठा नको होता. त्याला माझी सही पाहिजे होती.

सूनबाई माझ्याजवळ आली. लोकांसमोर ती माझ्याशी कधी तोंड वर करून बोलत नसे. त्या दिवशी बोलली.

"मामाजी, देऊन टाका सही."

"जे झालं नाई ते मी लिवणार नाई, बाई."

"झालं नाई, ते मले माहीत आहे. गावाले माहीत आहे. या साहेबाले माहीत नसलं तर काय होते?"

"माझं नाव जाते."

"अन् लेकरं कुठी ठेवू मी?"

ती हे हळू म्हणाली. ओरडली असती तर मी ओरडून उत्तर दिलं असतं. मी उभा राहिलो, काठी टेकून. साहेबानं कागद पुढे केला होता, पेनाचं टोपण काढून. लेकरं अंगणात पसरली होती आणि मोहाच्या ढिगातून फुलं वेचून एकमेकांना देत होती.

मी सही केली नाही.

लोक मला आजही विचारतात, पस्तावा होतो का. नाही होत. मी मरेपर्यंत त्या कागदावर माझं नाव राहिलं असतं, दारूच्या खाली. टोल्याचंही राहिलं असतं. पण पस्तावा नाही म्हणजे बरं वाटतं असं नाही. त्या दोन्हींच्या मधे पुष्कळ जागा आहे आणि मी तिथेच राहिलो आहे.

साहेबानं टोपण लावलं. जाताना नमस्कार केला. महिना संपला आणि पैसा वर गेला, पुढच्या वर्षी तो सडकेवरच्या एका गावाला मिळाला. तिथे पाटी लागली असं ऐकलं. मी पाहायला गेलो नाही.

मोह बाजारात घातला. ओला झाला होता, व्यापाऱ्यानं भाव पाडला. त्याच्या तांदळावर बालवाडी रोवणीपर्यंत चालली. मग गंज रिकामा झाला. रिकाम्या पोटी लेकरं बसत नाहीत, उठून घरी जातात आणि घरी कोणी नसतं. सूनबाई एक दिवस खोलीला कडी घालून आली, पदर खोचला आणि बायांबरोबर चिखलात उतरली. "जेवता का मामाजी", "पाणी ठेवलं", एवढंच पुन्हा सुरू झालं.

मी काठी घेऊन बोडीच्या बांधावर, पाळीवर, बसायला लागलो. लेकरू पाण्याकडे आलं की काठी आपटायची, येर येर करून ओरडायचं, गोंडी लेकरंही पळायची. लोक म्हणत, अध्यक्ष आता बोडीचा अध्यक्ष झाला. म्हणू दे म्हटलं. पाऊस असो, ऊन असो, रोवणी संपेपर्यंत मी तिथेच. खोलीचे कवेलू माकडांनी फोडले, पुढे भिंतीतून बकऱ्या शिरल्या. बांबू ज्याला लागला त्यानं नेला. मी कोणाला अडवलं नाही.

त्यानंतर सूनबाईला मुलगी झाली. मी तिला कडेवर घेऊन पाळीवर बसायचो. ती रांगायला लागली, चालायला लागली, पळायला लागली. मी मात्र पळण्यातला राहिलो नव्हतो, आणि डोळ्यांवर मोतीबिंदू आला होता.

मुलगी त्या वयाची झाली त्या वर्षी, रोवणीच्या पहिल्या दिवशी सूनबाईनं लुगड्याची पट्टी काढली. चांगली पळणारी पोर ती. तिच्या कमरेला पट्टी बांधली आणि दुसरं टोक खांबाला. शेजारची बाई दारावरून जाताना म्हणाली, "बाई, एवढ्या मोठ्या पोरीले?" सूनबाईनं तिच्याकडे पाहिलं सुद्धा नाही. गाठ ओढून पाहिली आणि शेतात गेली.

ती गेल्यावर मी गाठ सोडली. पोरीचा हात धरून पाळीवर गेलो. संध्याकाळी सूनबाईनं सुटलेली पट्टी पाहिली, उचलली, घडी करून ठेवली. सकाळी पुन्हा बांधली, अधिक घट्ट. मी पुन्हा सोडली. आमचं बोलणं असं त्या पट्टीवरच चाललं, पुष्कळ दिवस.

मग एका सकाळी मी पाळीवर बसलो होतो. पोर माझ्याजवळ होती आणि मला वाटलं की समोर पाण्याच्या कडेला लेकरू आहे. मी काठी आपटली, ओरडलो. ते हललं नाही. उठून ठेचकाळत गेलो तर तो बाभळीचा खुंट होता. मागे वळलो तर पोर जाग्यावर नव्हती. ती माझ्याच मागे चालत आली होती, पाण्याच्या बाजूनं, आणि माझ्या धोतराला धरून उभी होती. मला ती दिसली नव्हती. हात लागला तेव्हा समजलं.

दुसऱ्या दिवशी सूनबाईनं तिला बांधलं, गाठ ओढून पाहिली आणि जाता जाता माझ्याकडे पाहून थांबली. ती गेल्यावर पोर म्हणाली, "आजोबा, सोड ना."

मी गाठ सोडली नाही. तिच्याजवळ खांबाला टेकून बसलो आणि तिच्यासमोर चिंचोके मांडले.